कादंबरीचा फडशा पाडायचा की चवीने वाचायची? वेग आपल्या हातात कसा ठेवायचा

गेल्या वर्षी कपाटातून एक जाडजूड कादंबरी काढली, म्हटलं ही वाचायची राहूनच गेली होती, आणि मस्त रंगून वाचत गेले. पान ११२ वर आले तर समासात पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलेलं, 'हा खोटं बोलतोय.' अक्षर माझंच. म्हणजे मी ही आधी वाचली होती, तीही हातात पेन्सिल घेऊन, आणि १११ पानं होईपर्यंत मला काही म्हणजे काही आठवलं नव्हतं. वर कहर म्हणजे नेमकं कोण खोटं बोलतोय तेही कळेना, कारण त्या पानावर तीन पुरुष एकदमच बोलत होते.

मी मूळची अधाशी. शनिवारी दुपारी उघडलेली कादंबरी रविवारी रात्री मिटणारी, आणि त्याचा बऱ्यापैकी माजही होता. या पेन्सिल प्रकरणानंतर एकदम दुसरं टोक गाठलं, ठरवलं की आता रोज पाचच पानं, अगदी घोट घोट. कादंबरी सहाशे पानांची. तिसऱ्या आठवड्यात कोण कुणाचा मेव्हणा ते आठवेनासं झालं, दीड-दोन महिन्यांनी तर उचलायचाच कंटाळा यायला लागला, सोडून दिली. दोन्ही प्रकार असे फसल्यावर जे जमलं ते इथे लिहितेय, ज्यांना आपलं वाचन फार भरभर होतंय किंवा फार रेंगाळतंय असं वाटतं त्यांच्यासाठी.

आधी आपला वेग मोजून घ्या

अंदाजाने 'मी स्लो आहे' म्हणू नका, खरंच मोजा. मोबाईलवर १५ मिनिटांचा टायमर लावायचा, नेहमीसारखंच वाचायचं (परीक्षा असल्यासारखं पळायचं नाही), टायमर वाजला की पानं मोजायची आणि चारने गुणायचं. हा झाला तासाचा वेग. पण एकदाच मोजून उपयोग नाही, तीनदा मोजा. एकदा सगळे संवादच आहेत अशा भागात, एकदा लांबलचक वर्णन किंवा मनातले विचार आहेत तिथे आणि एकदा रात्री झोपायच्या आधी. माझे तीन आकडे ४८, २६ आणि १९ आले. तेव्हा पहिल्यांदा डोक्यात प्रकाश पडला की माझा असा 'एक' वेग नाहीच, वेग त्या पानाचा असतो आणि माझ्या त्या वेळच्या डोक्याचा.

जगभरच्या आकड्यांशी तुलना करायची हौस असेल तर २०१९ साली मार्क ब्रिसबर्ट या बेल्जियमच्या मानसशास्त्रज्ञाने १९० अभ्यास एकत्र करून इंग्रजी वाचणाऱ्या मोठ्या माणसांचा सरासरी वेग काढला होता. मनात वाचताना माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द, कथा-कादंबरीला २६० आणि मोठ्याने वाचताना १८३. लोक सर्रास सांगतात त्या ३००-४०० च्या बराच खाली आहे हा आकडा, त्यामुळे स्वतःला मठ्ठ समजत असाल तर आधी ते डोक्यातून काढा. पण हे शब्द इंग्रजीचे, मराठीला तसेच लावू नका. आपल्याकडे 'घरातल्यांनासुद्धा' हा एकच शब्द झाला, इंग्रजीत तेवढंच सांगायला पाच-सहा शब्द खर्ची पडतात, मग मराठीत मिनिटाला शब्द कमी भरणारच. म्हणूनच म्हटलं पानं मोजा, शब्द नको.

आता या आकड्यावरून एक गणित बघा, मला तर ते करून धक्काच बसला होता. ८०,००० शब्दांची कादंबरी २६० च्या वेगाने वाचली तर साधारण पाच तास आठ मिनिटं लागतात. आठवड्याला एक म्हणजे वर्षाला ५२ कादंबऱ्या वाचणारी मंडळी असतात ना, ज्यांच्याकडे बघून आपल्याला न्यूनगंड येतो, त्यांना हे करायला रोज सरासरी ४४ मिनिटं लागतात, तीही अगदी साध्या सरासरी वेगाने. म्हणजे ते लोक भरभर वाचतात असं नाही, ते रोज बसतात. वेग दुप्पट करायच्या क्लासला जाण्यापेक्षा पाऊण तास शोधणं सोपं आहे.

आणि ते स्पीड रीडिंगचे क्लास. एव्हलिन वुड यांनी अमेरिकेत १९५९ साली असे क्लास काढले तेव्हापासून मिनिटाला हजारो शब्दांची स्वप्नं विकली जातायत. अडचण डोळ्याचीच आहे. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारतो, प्रत्येक थांब्यावर साधारण पाव सेकंद थांबतो आणि एका थांब्यात स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरं. चांगले वाचणारेसुद्धा दहापैकी एखादी उडी मागे मारतात, काहीतरी निसटलं म्हणून. २०१४ च्या आसपास एकेक शब्द स्क्रीनवर चमकवणारी ॲप्स गाजली होती, डोळा हलवायलाच नको म्हणून वेग वाढेल असा दावा. पण मागे जायची सोयच काढून घेतली की समजणं कमी होतं असं त्याच सुमाराच्या प्रयोगांत दिसलं. शिवाय हे क्लासवाले सांगतात की मनातला आवाज बंद करा. अहो, कादंबरीत तो आवाजच तर ऐकायचा असतो! ऑफिसचा रिपोर्ट चाळायला हे ठीक, कादंबरीला नको.

हळू वाचणं वेगळं आणि थोडं थोडं वाचणं वेगळं

या एका गोष्टीचा उलगडा झाल्यावर माझं सगळं वाचन सुधारलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आपण दोन वेगळी बटणं एकच समजून फिरवत असतो. एक बटण म्हणजे पान किती सावकाश वाचता, दुसरं म्हणजे एका बैठकीत किती वेळ वाचता. माझी पाच पानांची योजना फसली कारण मी दुसरं बटण कमी केलं आणि मला वाटलं की मी चवीने वाचतेय. प्रत्यक्षात ती पाच पानं मी धावतच वाचत होते, पाचच तर आहेत म्हणून, आणि मग चोवीस तासांची गॅप. कादंबरी ही काही रोज एक गोळी घ्यायची वस्तू नाही. तिच्यात शिरायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, कुठे होतो, कोण काय म्हणालं होतं, त्या घराचा जिना कुठल्या बाजूला, हे सगळं परत डोक्यात उभं राहायला लागतं. ते उभं राहीपर्यंत तुमची पाच पानं संपलेली असतात.

म्हणून बैठक लांब ठेवा आणि पान सावकाश. आठवड्यात तीन बैठका एकेका तासाच्या मिळाल्या तर त्या रोजच्या २५ मिनिटांपेक्षा बऱ्या. अर्थात रोजची २५ मिनिटंच हाताशी असतील तर तीच घ्या, पण मग पात्रं कमी असलेली, आटोपशीर कादंबरी निवडा. चार पिढ्या आणि चाळीस नावं असलेला ठोकळा अशा तुकड्यांनी वाचवत नाही, तो सुट्टीसाठी ठेवा आणि सलग ताणा. लोकांना वाटतं जाड आणि गंभीर पुस्तक म्हणजे हळूहळू वाचायचं. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे, जितकं पुस्तक जाड तितकं ते जवळजवळच्या दिवसांत वाचायला हवं, नाहीतर धागा सुटतो. बारीकशी शंभर पानांची कादंबरी मात्र महिनाभर पुरवली तरी चालते.

मध्ये मोठा खंड पडलाच तर सोडलं तिथून सुरू करू नका, पाच-सहा पानं मागे जा. आणि बुकमार्क म्हणून कागदाची लांब पट्टी वापरा, तिच्यावर नवीन पात्र आलं की नाव आणि दोन शब्द. 'विमल, धाकटी, वकिलाकडे राहते' एवढंच. पट्टी पुस्तकातच असल्याने हरवत नाही. इ-बुकमध्ये नाव शोधता येतं हे खरं, पण शोधायला गेलं की हातात मोबाईल असतो आणि मोबाईल हातात आला की पुढचं तुम्हाला माहीतच आहे.

कुठे पळायचं, कुठे थांबायचं

पहिली तीस-चाळीस पानं मुद्दाम हळू वाचा, कंटाळा आला तरी. लेखक इथेच सगळं पेरून ठेवतो आणि आपण इथेच सगळ्यात जास्त घाईत असतो, 'कधी सुरू होणार गोष्ट' म्हणून. नंतर एकदा पकड आली की लगाम सोडा, बिनधास्त. रहस्यकथा, थरारक काही, भांडणाचे लांब संवाद, पाठलाग, हे लिहिलेलंच असतं पळत वाचायला, तिथे वाक्यावाक्याला थांबून वाहवा करत बसलं तर गाडीच्या चाकाला खीळ घातल्यासारखं होतं. फडशा पाडण्यात पाप काही नाही हो, तो आनंद वेगळाच असतो, घरच्यांनी तीनदा हाक मारली आणि ऐकूच आली नाही असा. मला राग येतो तो सरसकट 'हळू वाचा' म्हणून उपदेश करणाऱ्यांचा. आपल्या आवडीची पुस्तकं संथ असतात म्हणून सगळ्यांनी संथ व्हायचं का?

पण मग थांबायचं कुठे ते कसं कळणार? माझी खूण अशी की जिथे वाक्य अचानक लहान होतं आणि गरज नसलेली एखादी वस्तू दिसते, तिथे थांबा. एक नमुना देते, आत्ताच रचलाय:

'पाऊस थांबला होता. ती चपला घालायला वाकली. बाबांची छत्री दारामागे होती, कोरडी.'

वेगात वाचलं तर काय मिळतं? पाऊस, चप्पल, छत्री, चला पुढे. आता शेवटच्या शब्दावर दोन सेकंद उभं राहा. कोरडी का? पाऊस तर पडून गेलाय. म्हणजे बाबा छत्री न घेता गेले का? की घराबाहेर पडलेच नाहीत? की बाहेर पडायला ते आता राहिलेच नाहीत आणि छत्री तशीच दारामागे राहिलीय? लेखकाने काही सांगितलेलं नाही, 'कोरडी' एवढंच शेवटी आणून ठेवलंय, मुद्दाम स्वल्पविरामानंतर. चवीने वाचणं म्हणजे हेच, पुस्तकभर नाही, अशा चार-सहा जागी. एका बैठकीत दोन-तीन जागा सापडल्या तरी पुष्कळ झालं. प्रत्येक ओळीखाली रेघ मारत बसाल तर वाचन कमी आणि अभ्यास जास्त होतो, मग डोकं दुखतं आणि पुस्तक मिटतं.

ब्रेक लागत नसेल तर सोपा उपाय, तेवढा परिच्छेद मोठ्याने वाचा. वर आकडा दिलाय ना, मोठ्याने वाचताना वेग आपोआपच उतरतो, वेगळं काही करावं लागत नाही. बाजूला कुणी असेल तर नुसते ओठ हलवून पुटपुटा. आणि ऐकताना लगेच कळतं की वाक्याला लय आहे की नुसतं पाणी घातलंय, पाणी घातलेलं असेल तर मात्र निर्लज्जपणे पुढे पळा. दहा-दहा पानं सारखीच वर्णनं चालली असतील तर वरवर चाळण्यात काही कमीपणा नाही, शब्द न् शब्द वाचायची शपथ कुणी घेतलीय.

रिव्हर्स प्रॉब्लेम असलेले पण असतात, म्हणजे फार रेंगाळणारे, एकच ओळ चारदा वाचणारे. त्यांना सांगते, बहुतेक वेळा ओळ अवघड नसते, लक्ष दुसरीकडे असतं. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून बघा आधी. तरी होत असेल तर ओळीखाली पोस्टकार्डाएवढा कागद धरून तो खाली सरकवत वाचा. आणि मग एक प्रकरण तरी मागे न बघता वाचायचं, काही सुटलं तर सुटू दे, महत्त्वाचं असेल तर लेखक पुन्हा सांगतो, कादंबरीकारांना राहवत नाही.

झोपेत वाचलेली पानं हिशोबात धरू नका. डोळे मिटत असताना आपण वाचतो ते वाचन नसतं, पान उलटायचा व्यायाम असतो. सकाळी सरळ दोन-तीन पानं मागे जायचं. ऑडिओबुकवाल्यांना एकच सांगणं, १.५ किंवा २ पट वेगाने ऐकायचं तर ऐका, पण वाचणाऱ्याने वाक्यानंतर घेतलेला श्वासही त्यात आखडतो आणि तो श्वास बऱ्याचदा मुद्दाम घेतलेला असतो. रहस्यकथा १.५ वर चालते. हळव्या कादंबरीला मी एकच्या पुढे जात नाही.

शेवटची चाळीस पानं

माझी सगळ्यात मोठी चूक इथे होती आणि बऱ्याच जणांची असते. उजव्या हातातला पानांचा गठ्ठा पातळ व्हायला लागला की आपल्याला कळतं संपत आलं, आणि मग आपण अक्षरशः ओळींवरून घसरत जातो, डोळा पानाच्या तळाशी आधीच पोचलेला असतो, काय झालं ते बघायला. म्हणजे ज्या पानांवर लेखकाने सगळ्यात जास्त घाम गाळलेला असतो तीच आपण सगळ्यात वाईट वाचतो. आणि मग म्हणतो, शेवट काही पटला नाही बुवा.

उपाय दोन. पहिला, रात्री साडेबाराला शेवटचं प्रकरण सुरू करायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. पुस्तक मिटायचं, सकाळी ताज्या डोक्याने वाचायचं. पूर्वी कादंबऱ्या मासिकांतून हप्त्याहप्त्याने यायच्या तेव्हा वाचकांना महिना महिना थांबावं लागायचं, आपल्याला एक रात्र जमायला हरकत नाही. दुसरा उपाय थोडा चावट आहे. अगदीच राहवत नसेल तर शेवटचं पान आधी वाचून टाका आणि मग शांतपणे मागे येऊन उरलेलं वाचा. शिव्या द्यायच्या आधी ऐका, २०११ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोमधल्या दोन संशोधकांनी लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि ज्यांना शेवट माहीत होता त्यांना कथा उलट जास्त आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत याच्या विरुद्धही दिसलंय, त्यामुळे हे ब्रह्मवाक्य नाही. पण घाईचं कारणच काढून टाकलं की माझे डोळे तरी पानाच्या तळाला पळायचे थांबतात. रहस्यकथेला हे करू नका, तिथे मग उरतं काय.

इ-बुक वाचत असाल तर खालचे टक्के आणि 'प्रकरण संपायला इतकी मिनिटं' हे सेटिंगमधून बंद करा. ते दिसत राहिलं की मन गोष्टीत कमी आणि हिशोबात जास्त.

संपल्यावर लगेच दुसरी उघडू नका

एक रात्र तरी मध्ये जाऊ द्या. आणि पुस्तक न उघडता एका कागदावर चार ओळी लिहा, कोण कोण होतं, कुठला प्रसंग डोळ्यासमोर आहे, कशावरून लेखकाशी भांडावंसं वाटलं. न बघता आठवून लिहिणं हे परत वाचण्यापेक्षाही जास्त टिकतं, रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते आणि आठवड्याने विचारलं तर आठवून लिहिणारे. मी हे आता प्रत्येक कादंबरीला करते, दहा मिनिटं लागतात. नावं आठवली नाहीत तर 'तो उंच भाऊ' असं लिहिते, चालतं. वर्षाचं टार्गेट लावून पुस्तकं मोजणाऱ्यांना ही दहा मिनिटं फार जड जातात असं पाहिलंय, लगेच पुढचं कव्हर खुणावत असतं.

आणि जी कादंबरी खरंच भिडली, तिचा पहिल्या वेळी फडशाच पाडा आणि वर्ष-दोन वर्षांनी परत वाचा. चव खरी दुसऱ्यांदाच येते, कारण तेव्हा पुढे काय होणार ही भूक नसते, डोळा आजूबाजूला बघायला मोकळा असतो, छत्री कोरडी होती हे तेव्हा दिसतं. पहिल्याच वाचनात दोन्ही साधायला गेलं की ना धड भूक भागते ना धड चव कळते. दुसऱ्या वाचनाची कुणी कुठे मोजदाद करत नाही, म्हणूनच बहुधा ते इतकं निवांत होतं.

तर ती पान ११२ वाली कादंबरी. या जानेवारीत परत घेतली, या वेळी एकेका तासाच्या बैठका, कागदाची पट्टी, सगळं साग्रसंगीत. ११२ वर आले तेव्हा मुद्दाम थांबले आणि तो तिघांचा संवाद मोठ्याने वाचला, दोनदा. तिघेही खरं तेच बोलत होते. पान संपताना त्यांच्यातल्या एकाची बायको दारात येते आणि 'मी आत्ताच आले' म्हणते, तर आधीच्या पानावर तिची चप्पल आतच होती. पेन्सिल आणली आणि जुन्या ओळीखाली लिहून ठेवलं, 'हा नाही, ही.'